मालिकेतली जाऊ की सिनेमातली नायिका? पोरीनं काय धरावं?

शाहूपुरीकर

वाद घरातला आहे, पण घरात तो फिरून फिरून तिथंच येतोय, म्हणून इथं टाकतोय.

पुतणी कॉलेजात असल्यापासून एकांकिका करते. राज्य नाट्य स्पर्धेत कोल्हापूर केंद्रावरही तिनं काम केलंय. आता एकाच पंधरवड्यात तिच्यापुढं दोन कामं आलीत. एक रोजच्या मालिकेतलं, नायिकेच्या धाकट्या जावेचं. शूटिंग मुंबईत, करार वर्षाचा, पुढचं चॅनेलच्या हातात. दुसरं सिनेमातलं, थेट नायिकेचं. निर्माता इकडचाच, धंदा बांधकामाचा, सिनेमात पहिल्यांदाच पैसे घालतोय. दिग्दर्शकाचाही हा पहिलाच. शूटिंग पन्हाळ्याच्या बाजूला, महिनाभराचं. मानधनाचं 'रिलीज होऊ दे, मग बसू' असं आहे.

पोरीचा कल मालिकेकडं आहे. मुंबईत राहायचं तर भाडं लागतं, इतका सरळ तिचा हिशेब. दादा, म्हणजे तिचे वडील, हटून बसलेत. "जावेचं काम करायला शिकवली काय तिला? एकदा सिनेमात नायिका झाली की ती नायिका. मालिकेतली माणसं मालिका बंद पडली की कुणाच्या ध्यानात राहत नाहीत."

मी मालिकेच्या बाजूनं आहे, आणि ते नुसतं भाड्यापुरतं नाही.

मालिका म्हटली की नाकं मुरडायची आपल्याकडं रीतच पडलीय. पण हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी १९२० च्या 'सैरंध्री'त बायकांची कामं बायकांना दिली ती इथंच. १९२९ ला प्रभात फिल्म कंपनी इथंच निघाली, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. त्या काळात नट-नटी कंपनीच्या पगारावर असायच्या. रोज कामावर यायचं, आज नायिका तर उद्या आणखी काही, मेकअप, तालीम, कॅमेरा सगळं अंगवळणी पडायचं. खडकलाटसारख्या खेड्यातनं आलेल्या सुलोचनादीदी जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झाल्या त्या अशाच वातावरणात. आज महिन्याला पैसे आणि रोज कॅमेरा असं नव्या पोरीला कुठं मिळतं? फक्त मालिकेत. सिनेमाची नायिका महिनाभर काम करते आणि मग वर्षभर फोनकडं बघत बसते.

आणि मालिका केली की माणूस खालच्या पायरीवर गेला हे मला मान्य नाही. रोहिणी हट्टंगडींनी 'गांधी'त कस्तुरबा केली, बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार घेतला आणि पुढं 'चार दिवस सासूचे' केली, तीन हजारांवर भाग चाललेली. कमीपणा आला का त्यांना?

उलट मत असणाऱ्यांनी मनात ठेवू नये, बोलावं.

पेठेतला फॉरवर्ड

विषय हार्ड. सामोसे आणतो, चालू द्या.

पडद्यामागचा

उलट मत माझं आहे, घ्या.

रोहिणीताईंचं नाव तुम्ही घेतलंत, पण क्रम विसरलात. त्या आधी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या, रंगभूमी केली, सिनेमा केला आणि मग मालिका. अमृता सुभाष? तीही त्याच विद्यालयातली. 'श्वास' आधी, 'अवघाचि संसार' नंतर. मुक्ता बर्वे? पुण्याच्या ललित कला केंद्रात शिकून आलेली. मालिकेत असतानाही ती नाटकातून हलली नाही. ह्या बायका मालिकेत गेल्या तेव्हा त्यांच्याकडं काहीतरी होतं. मालिकेनं त्यातलं थोडं वापरलं, एवढंच. तुमची पुतणी स्पर्धेतल्या एकांकिकांच्या शिदोरीवर जाणार. ती सहा महिन्यांत संपेल. त्यानंतर ती तेच तेच करेल जे सगळ्या जावा करतात: दाराआडून ऐकायचं, भुवई वर करायची, संगीत वाजेपर्यंत तशीच धरून ठेवायची.

मी इथं वर्षानुवर्षं पोरापोरींकडून एकांकिका बसवून घेतो. मालिकेत जाऊन परत तालमीला आलेली मुलं बघितलीत. समोरचा बोलत असताना ती ऐकतच नाहीत. स्वतःच्या वाक्याची वाट बघतात आणि वाक्य संपलं की थांबतात, आता क्लोजअप येईल म्हणून. ती सवय मोडायला वर्ष जातं.

सिनेमाही नको, मालिकाही नको. दोन वर्षं शिकू दे. आपल्या शिवाजी विद्यापीठातही संगीत आणि नाट्यशास्त्र विभाग आहे. पुणे आहे, दिल्ली आहे.

कृष्णाकाठ

सांगलीची सई ताम्हणकर आठवा. 'या गोजिरवाण्या घरात' सारख्या मालिका, मग 'सनई चौघडे', मग 'दुनियादारी', आणि 'मिमी'साठी फिल्मफेअर. शिवाय कबड्डी खेळलेली पोरगी. कोल्हापूरकरांना जमलं नाही ते सांगलीनं करून दाखवलं, एवढं नोंदवून थांबतो.

पेठेतला फॉरवर्ड

आलं का हळद घेऊन! ओ, तुमची सई तर आमची उषा जाधव. कोल्हापूरची पोरगी, 'धग'साठी राष्ट्रीय पुरस्कार, सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. कुठल्या मालिकेची जाऊ होती ती?

कृष्णाकाठ

मग दादा बरोबर म्हणतात असं तुमचं म्हणणं? आधी ठरवा.

पेठेतला फॉरवर्ड

मी फक्त सांगलीच्या विरोधात हाय.

चष्मेवाली

उषा जाधवचं नाव निघालंच आहे तर तेही नीट बघू. 'धग' २०१२ चा. त्याच्या आधी 'ट्रॅफिक सिग्नल' २००७ चा, त्यात छोटं काम. मधली वर्षं मोजा. पुरस्कार आपल्याला दिसतो, मधलं काही दिसत नाही. शाहूपुरीकरांच्या पुतणीला ती मधली वर्षं कशावर काढायची हा प्रश्न आहे, आणि पडद्यामागचा, तुमची 'दोन वर्षं शिकू दे' ही सूचनाही त्याच प्रश्नाला धडकते. दोन वर्षांची फी आणि खानावळ कोण देतंय?

जावेच्या कामाला नावं ठेवणाऱ्यांसाठी: मृणाल ठाकूर 'कुमकुम भाग्य'मध्ये नायिका नव्हती, नायिकेची बहीण बुलबुल होती. २०१६ मध्ये तिनं ती मालिका सोडली. पुढं 'लव्ह सोनिया', 'सुपर ३०', 'सीता रामम'. दुय्यम काम करणाऱ्याचा एक फायदा असतो की मालिका त्याच्या डोक्यावर उभी नसते, म्हणून बाहेर पडता येतं. नायिकेला सोडत नाहीत.

शाहूपुरीकर

हे दादाला वाचून दाखवलं. "ती हिंदी मालिका, त्यांचं वेगळं," म्हणाला. मराठीतलं सांगा म्हणतो.

चष्मेवाली

मराठीतलं सांगते. प्राजक्ता माळी, 'जुळून येती रेशीमगाठी'तली मेघना. पुढं हास्यजत्रेचं निवेदन आणि २०२४ मध्ये 'फुलवंती'. त्यात नायिकाही तीच आणि निर्मातीही. मालिकेनं घराघरात ओळख दिली नसती तर पैसे घालायच्या बाजूला तिला कुणी उभं केलं असतं असं मला वाटत नाही.

खरी कॉर्नर

मंडळी, मी जुना प्रेक्षक आहे. शाहूपुरीकरांनी प्रभातच्या पगाराचं चित्र फारच गोड रंगवलंय, त्यावर थोडं पाणी ओततो.

तो पगार म्हणजे साखळीही होती. शांता आपटे प्रभातची मोठी नटी. 'अमृतमंथन', 'कुंकू'. त्याच बाईनं १९३९ मध्ये प्रभातच्या फाटकाशी उपोषण केलं, कराराच्या आणि पैशाच्या वादावरून. पुढच्याच वर्षी तिनं पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'जाऊ मी सिनेमात?'. तुमच्या पुतणीचा प्रश्न १९४० सालीच छापून झालाय! आणि ते एका गाजलेल्या नटीनं लिहिलेलं, या धंद्यात पैसा कुणाकडं जातो आणि नटाची पिळवणूक कशी होते यावर.

दुर्गाबाई खोटे घ्या. 'अयोध्येचा राजा' इथं कोल्हापुरात झाला, १९३२. मोठ्या घरची बाई, पदरात दोन मुलगे, पैशाची गरज होती म्हणूनच कॅमेऱ्यासमोर आली. पण एका कंपनीला बांधून घेतलं नाही. सगळे मासिक पगारावर असताना ही बाई इथंही आणि तिथंही काम करायची. म्हणून 'मुघल-ए-आझम'ची जोधाबाई झाली, 'बॉबी'त दिसली, १९८३ ला फाळके पुरस्कार मिळाला. आणि शेवटी टीव्हीवर आली ती जाऊ म्हणून नाही, मालकीण म्हणून. दूरदर्शनवरची 'वागळे की दुनिया' दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची.

आणखी एक फरक आहे. बाबूराव, शांतारामबापू, भालजी यांना नटी वर्षानुवर्षं कंपनीत लागायची, म्हणून तिला घडवणं हा त्यांचा स्वार्थ होता. मालिकेला जाऊ पुढच्या गुरुवारच्या टीआरपीपुरती लागते. तिला कोण कशाला शिकवेल?

शाहूपुरीकर

खरी कॉर्नर, मुद्दा मोठा आहे, पण मला तो माझ्याच बाजूचा वाटतो. शांता आपटेंनी उपोषण केलं १९३९ ला. 'कुंकू' १९३७ चा. म्हणजे आधी कंपनीत राहून त्या इतक्या मोठ्या झाल्या होत्या की फाटकात बसल्या तर बातमी झाली. नव्या पोरीनं उपोषण केलं असतं तर रखवालदारानं उठवून रस्त्यापलीकडं बसवली असती. भांडायला आधी वजन लागतं, आणि वजन रोज दिसल्यानं येतं. ज्या सिनेमात पैशाचं कागदावर काहीच नाही तिथं ही पोरगी भांडणार तरी कशाच्या जोरावर?

दुर्गाबाई एका कंपनीला बांधल्या गेल्या नाहीत हे खरंच. पण पहिल्याच मोठ्या सिनेमाला त्यांच्यामागं प्रभात होती, शांताराम होते. आमच्याकडं बांधकामवाले आहेत.

सुईदोरा

मी कपडेपटात काम करतो. कोल्हापूर भागात जी युनिटं येतात त्यांच्यावर, मधनंअधनं मुंबईलाबी. म्हणून बघितल्यालं सांगतो, ऐकीव न्हाई.

वरचे पडद्यामागचे दादा म्हणतात मालिकेत ऐकायची सवय मोडती. मोडती ते खरं, पण का मोडती ते कुणी लिहिलं न्हाई. आठवड्याला सहा भाग द्यायचे असत्यात. म्हणजे रोज एक भाग तयार झाला पायजे. मग सासूचं काम करणारी मोठी बाई असली की तिचे सगळे क्लोजअप आधी घेऊन तिला मोकळी करायची, कारण तिच्या तारखा दुसरीकडंबी असत्यात. ती गेली की सुनंचे क्लोजअप. आता सून कुणाकडं बघून रडणार? लाईटच्या स्टँडला, सासूच्या डोळ्याच्या उंचीवर, पिवळ्या टेपचा तुकडा चिकटवत्यात. सासूची वाक्यं असिस्टंट पोरगा वाचतो, तोंडात पान. त्या टेपकडं बघून पोरगी रडती. मी बाजूला उभा असतो पदर सारखा कराय, सकाळच्या शॉटला पदर जिथं होता तिथंच पायजे म्हणून. काही पोरी खरंच रडत्यात, मला काटा येतो. काही ग्लिसरीन मागत्यात. टेप दोघींनाबी तीच.

आता जावेचं. जावेला निम्मा येळ फॅमिली सीनमधी मागं उभं राहायचं असतंय. सकाळी सातचा कॉल, नऊवारी न्हाईतर काठपदर नेसून, दागिने घालून तयार, आणि दिवसभरात एक वाक्य: "वहिनी, चहा आणू?" बऱ्याच पोरी मोबाईल घेऊन मेकअप रूममधी पडत्यात. पण एक पोरगी होती, नाव सांगत न्हाई, ती आपलं काम नसलं की मॉनिटरच्या मागं यायची. कॅमेरामनला इचारायची, आता कुठली लेन्स लावली, मी किती दिसतोय. पुढं पुढं तिला न सांगता कळायचं की हितं मान हलवायची, तितं नुसतं डोळं. ती आता बरं काम करती. शिकवत कुणी न्हाई हे खरं. पण शिकायला बंदीबी न्हाई.

पैशाचं: काम केल्यावर पैसे तीन महिन्यांनी, नव्वद दिवसांनी. त्यामुळं पहिल्याच महिन्याला भाडं निघंल असं पोरीला वाटत असंल तर न्हाई निघायचं. पहिलं चारेक महिने घरनं पैसे द्यावं लागतील. हे तुमच्या दादाला सांगा, म्हणजे भाड्याचा हिशेब सरळ होईल.

पडद्यामागचा

सुईदोराताई, तुम्ही सांगितलेलं पिवळ्या टेपचं मी पुढच्या तालमीत पोरांना सांगणार. पण ते माझ्याच म्हणण्याला बळ देतं. माणसाकडं बघून रडायला शिकण्याआधी टेपकडं बघून रडायला शिकलेली मुलगी कसली नटी होणार?

सुईदोरा

दादा, सिनेमातबी टेप असतीया. तिथं फक्त टेप लावायला येळ जास्त देत्यात.

गोरेगाव व्हाया राजारामपुरी

दोन दिवस वाचतेय. आता लिहितेच, कारण दादा ज्याला 'सिनेमातली नायिका' म्हणताहेत ती मी होते.

अगदी असाच सिनेमा. निर्माता नवा, दिग्दर्शक नवा, घाटातलं शूटिंग, पावसाळ्यात. नारळ फोडताना पेपरात फोटो आला. माझ्या आईनं तो कात्रण करून फ्रेम केला. शूटिंग संपलं, पैसे संपले. एडिटिंगवाल्याचं बिल थकलं, त्यानं हार्ड डिस्क ठेवून घेतली. सिनेमा तिथंच आहे. डबिंगसुद्धा झालं नाही. सिनेमा पडला असता तरी मला चाललं असतं. पडलेल्या सिनेमातलंही पाच मिनिटांचं बरं काम कापून ऑडिशनला पाठवता येतं. माझ्याकडं ते पाच मिनिटंही नाहीत. 'तुम्ही आधी काय केलंय?' या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर आहे, पुरावा नाही.

आणि समजा पूर्ण झाला, लागला. छोट्या मराठी सिनेमाला कुठला शो मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे. दुपारी बाराचा, तोही आठवडाभर. पुढच्या शुक्रवारी मोठा हिंदी आला की तोही गेला.

'सैराट'चं उदाहरण दादांच्या मनात असणारच, सगळ्यांच्या वडलांच्या असतं. रिंकू राजगुरू अकलूजची शाळकरी पोरगी, पहिलाच सिनेमा आणि अख्खा महाराष्ट्र. पण तिच्यामागं नागराज मंजुळे होते, ज्यांचा 'फँड्री' आधी होऊन गेला होता, आणि सिनेमा गावोगावी पोचवणारी मोठी कंपनी होती. नवी नायिका आणि नवा निर्माता या दोन वेगळ्या जोखमी आहेत. दोन्ही एकाच कामात घ्यायच्या नसतात.

म्हणजे मी मालिकेच्या बाजूनं? पूर्ण नाही. मालिकेत गेल्यावर मी भाषेवरनं मार खाल्ला. ऑडिशनला गावाकडची भूमिका होती, म्हणून मी आपली घरच्यासारखी बोलले, "मी आलो की वैनी." समोरचे हसले. म्हणाले, अगं तू मुलगी आहेस, 'आले' म्हण. कोल्हापुरात बायका 'मी आलो' म्हणतात हे त्यांना माहीतच नव्हतं. भूमिका मुंबईच्या मुलीला मिळाली, आणि तिला बोली शिकवायला मला बोलावलं, चहापाण्यावर. इकडच्या वाड्यांत शूटिंग होतं, इकडची भाषा लागते, चेहरे मात्र इकडचे लागत नाहीत.

पेठेतला फॉरवर्ड

हे मात्र शंभर टक्के. 'तुझ्यात जीव रंगला' मालिकेच्या वेळी वसगड्यात वाडा बघायला ट्रिपा भरभरून आल्या. वाडा आमचा, रांगडेपणा आमचा. पाठकबाई आणि नंदिता वहिनी करणाऱ्या दोघी पुण्याच्या.

चष्मेवाली

पाठकबाई शहरी शिक्षिकाच होती कथेत, ते चाललं. पण बाकीचं पटलं. चित्रनगरी मोरेवाडीला आहे, युनिटं येतात, इकडच्या पोरांना लाईट उचलायला आणि गर्दीत उभं राहायला काम मिळतं. ऑडिशन मात्र अंधेरीतच. सरकारला जागा देता येते, कास्टिंगचं टेबल इकडं आणता येत नाही का?

खरी कॉर्नर

विषय बदलतोय, पण महत्त्वाचा आहे. 'सैरंध्री'तल्या त्या पहिल्या दोघी, गुलाबबाई आणि अनसूयाबाई, इथं पडद्यावर आल्या तेव्हा नावं बदलून आल्या, कमलादेवी आणि सुशीलादेवी. शंभर वर्षांनी नाव बदलावं लागत नाही, बोली बदलावी लागते.

पडद्यामागचा

गोरेगाव, तुमचा अनुभव वाचून त्या बांधकामवाल्याचा सिनेमा करू नये हे मीही मानतो. तो प्रश्न संपला. पण म्हणून मालिका बरोबर ठरत नाही. 'सिनेमा वाईट, सबब मालिका' हा कुठला न्याय? तिसरा रस्ता मी पहिल्यापासून सांगतोय. स्मिता पाटील दूरदर्शनवर बातम्या वाचायच्या. कॅमेऱ्याशी ओळख तिथं झाली, पण अभिनय तिथं झिजवला नाही. मिळवतं काम एकीकडं आणि अभिनय दुसरीकडं, असं जमतं. पुतणीनं दुसरं काहीतरी पोटाला करावं, डबिंग, आवाजाची कामं, शिकवण्या, आणि संध्याकाळी नाटक.

गोरेगाव व्हाया राजारामपुरी

दादा, मुंबईत संध्याकाळ नावाची गोष्ट लोकलमध्ये जाते.

शाहूपुरीकर

आणि कोल्हापुरात नाटक म्हणता, तर करायचं कुठं? केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं त्या रात्री मीही तिथं रस्त्यावर होतो, तुम्हीही असाल. शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर. रंगमंच गेला. तेव्हापासून तुमची मंडळी कुठं कुठं तालमी करताहेत ते मला ठाऊक आहे. ही पोरगी त्यातलीच. तिला नाटक नको झालेलं नाही.

पडद्यामागचा

नाट्यगृह जळालं म्हणून नाटक थांबलं नाही. हॉलमध्ये केलं, शाळेत केलं. तुम्ही मला भावनेत गाठताय, ते चालणार नाही.

चष्मेवाली

एक गोष्ट पुरुष मंडळींच्या लक्षात आलेली दिसत नाही. नटीचं करिअर बाविसाव्या वर्षी काय धरलं यावर ठरत नाही, चाळिशीनंतर कोण बोलावतं यावर ठरतं. 'बाईपण भारी देवा' आठवा, २०२३. सहा बायका, कुणीच कोवळी नाही, आणि थिएटरबाहेर साड्या नेसून आलेल्या बायकांच्या रांगा. त्या सहाजणींना बायका इतक्या घरच्यासारख्या का ओळखत होत्या? दीपा परब त्याच सुमाराला 'तू चाल पुढं' करत होती. सुकन्याताई, वंदनाताई, रोहिणीताई, सगळ्यांना घरात बसून बघितलेलं होतं. जयश्री गडकर समूहनृत्यातून सुरू झाल्या, 'सांगत्ये ऐका'नं नाव झालं, आणि उत्तर हिंदुस्थानात त्यांना ओळखतात ते रामायणातली कौसल्या म्हणून. छाया कदम यांच्या वाट्याला 'लापता लेडीज' आणि कान महोत्सवात गाजलेला सिनेमा कधी आला बघा. इतकी लांब शर्यत आहे, आणि दादा सुरुवातीची रेघच आखत बसलेत.

पेठेतला फॉरवर्ड

हाफटाइमला एवढं ज्ञान! सामोसे संपले.

खरी कॉर्नर

चष्मेवाली, उदाहरणं सगळी टिकलेल्यांची आहेत. न टिकलेल्यांची नावं आपल्याला आठवत नाहीत. मालिकेच्या पोस्टरवर वर्षभर झळकलेल्या किती मुली आज फक्त उद्घाटनांच्या फ्लेक्सवर उरल्यात, त्याही बघा. मी नावं घेत नाही, त्यांच्यावर अन्याय होईल.

चष्मेवाली

न टिकलेल्या सिनेमाच्या नायिका तर फ्लेक्सवरही नाहीत.

सुईदोरा

भांडण चालू द्या, पण पोरगी सही करणार असंल तर चार गोष्टी इचारून घ्या. महिन्याला कमीत कमी किती दिवस काम देणार ते लिहून घ्या, कारण पैसे दिवसावर असत्यात आणि जावेला पंधरा दिवस घरी बसवत्यात. बसवलं तरी दुसरीकडं काम करू देत न्हाईत, त्याचंबी इचारा. बारा तासांच्या वर काम गेलं तर काय. रातीला पॅकअप झालं तर गाडी सोडती का, कुठपर्यंत. कपडे कंपनीचे का स्वतःचे, हेबी. नव्या पोरींना स्वतःचे ब्लाऊज, सँडल आणा म्हणत्यात आणि मग पुढच्या शॉटलाबी तेच दिसाय पायजेत म्हणून ते कंटिन्यूइटीत अडकून पडत्यात, वर्षभर घरी नेता येत न्हाईत.

गोरेगाव व्हाया राजारामपुरी

त्यात एक भर. लीपचं विचारा. मालिका पाच-सात किंवा वीस वर्षं पुढं उडी मारते आणि तेविशीतल्या मुलीला केसांना पांढरा हात लावून कॉलेजच्या पोराची आई करतात. एकदा आई झालात की कास्टिंगवाल्यांच्या यादीत आईच. लीपनंतर काम सोडायची मुभा करारात लिहून घ्या. नाटकाच्या प्रयोगासाठी महिन्यातल्या काही तारखा मोकळ्या मागा. नायिकेला देत नाहीत, जावेला देतात, माझ्या ओळखीत दिल्यात. पडद्यामागचा दादांचंही समाधान होईल.

पडद्यामागचा

तारखा मिळाल्या तर डिसेंबरला आमच्याकडं भूमिका आहे तिच्यासाठी. तालमीला मोबाईल बंद. समाधान वगैरे काही झालेलं नाही.

शाहूपुरीकर

आज संध्याकाळी दादा, वहिनी, पोरगी आणि मी बसलो. सिनेमाला नाही म्हणायचं ठरलं. त्यात गोरेगावच्या हार्ड डिस्कचा वाटा मोठा. कराराचा कागद ओळखीच्या वकिलांकडं दिलाय. लीप, किमान दिवस, नाटकाच्या तारखा, गाडी, सगळं लाल पेनानं मागं लिहिलंय. पहिल्या चार महिन्यांचे पैसे मी देतो म्हटलं तर दादा उखडला, "माझी पोरगी आहे, मी देतो." म्हणजे तयार झाला असं मी धरतोय. पण जावेचं काम हे त्याला अजून पचलेलं नाही. आत्ता फोन होता, विचारत होता की थोरल्या जावेचं मिळत नाही का.